येतो चहाला

कोल्हापुरात माणूस निघताना ‘जातो’ म्हणाला, तर अख्खं घर त्याच्यावर तुटून पडतं. ‘जातो काय? येतो म्हणावं!’ मृत्युंजयला हा धडा त्याच्या आक्कानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, मलकापुरात लहानपणीच दिला होता. शाळेला निघताना तोंडातून ‘जातो’ निसटलं की ती त्याला उंबऱ्यावरून परत फिरवायची. पुढं त्याच एका शब्दावर गड्यानं नाव काढलं.

सत्त्याण्णव साली कोल्हापूरच्या केबलवर त्याचा ‘येतो चहाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. कॅमेरावाल्या ज्ञानूला स्कूटरवर मागं बसवायचं, न सांगता कुणाच्याही दारात उभं राहायचं, घरच्या बाईला कोडी घालायची, उखाणा घ्यायला लावायचं, हरली तरी स्टीलचा डबा द्यायचा. आणि निघताना उंबऱ्यावर वळून म्हणायचं, “येतो हं वहिनी, आधण ठेवून ऱ्हावा!” गंगावेशीपासून हुपरीपर्यंत पोरंटोरं हे वाक्य म्हणत फिरायची. मृत्युंजय अख्ख्या जिल्ह्याचा जयभाऊ झाला. ‘येतो’ म्हटलेल्या एकाही घरी तो पुन्हा गेला नाही, आणि कुणी त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. ‘येतो’ म्हणजे यायचंच असतं थोडंच?

मग घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या. मोठ्या वाहिन्या आल्या, त्यांचे गुळगुळीत निवेदक आले, आणि केबलच्या स्टुडिओत मोबाईलचं दुकान निघालं. ज्ञानू पुण्याला गेला. आक्का वारली. लग्नाचं तर धावपळीत राहूनच गेलं होतं. शाहूपुरीतल्या भाड्याच्या खोलीत मृत्युंजय एक कप चहा करायचा आणि भिंतीकडं तोंड करून प्यायचा. कुठंतरी कुणीतरी आपली वाट बघत असावं, एवढंच त्याला वाटायचं. दुसरं काही नको होतं.

दोन हजार सहाची दिवाळी सरली आणि गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर एका बाईनं त्याला हटकलं.

“काय ओ जयभाऊ, काल गडबडीनं उठलासा! दुसरा कप तसाच ऱ्हायला की.”

“काल? मी न्हाय आलतो, वहिनी.”

“चेष्टा करता व्हय? ह्यो घ्या, इसरून गेलतासा.”

तिनं पिशवीतून रुमाल काढला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं ‘मृ’ भरलेला होता. मृत्युंजयनं खिशात हात घातला. त्याचा रुमाल खिशातच होता. निळा ‘मृ’ त्याच्यावरही होता. आक्कानं असला एकच भरला होता.

भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. कुणी तोतया आपल्या नावावर चहा ढोसत फिरतोय, असं त्यानं ठरवून टाकलं. पण तोतया काही उचलून नेत नव्हता. नुसता बसायचा, लेकीबाळींची चौकशी करायचा, म्हातारीच्या गुडघ्यांबद्दल विचारायचा. “शब्दाला जागलासा बघा,” बायका मृत्युंजयला रस्त्यात थांबवून सांगायच्या. त्याला राग यायला हवा होता. आला तो हेवा. जळफळाटच झाला म्हणा ना.

हळूहळू त्याला थांबवणाऱ्या बायका कमी झाल्या. कट्ट्यावरचा सयाजी गवळी त्याला वर्षानुवर्षं जयभाऊ म्हणत आलेला. एका सकाळी त्यानं परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं, “किती देऊ, पावणं?”

मृत्युंजय हसला. सयाजी हसला नाही.

हुपरीच्या धोंडुबाईकडं जयभाऊ दर गुरुवारी दुपारी येतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. चोराला रंगेहाथ धरायचंच म्हणून पुढच्या गुरुवारी तो एसटीनं हुपरीला गेला. गल्लीत घराघरांतून पैंजण ठोकल्याची किणकिण येत होती. तापल्या चांदीचा वास हवेत होता. धोंडुबाईच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवलेल्या होत्या. डावीचा अंगठा तुटून लाल दोऱ्यानं शिवलेला होता.

मृत्युंजयनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. डाव्या चपलेवर तोच लाल दोरा होता.

“कोण पावणं?” धोंडुबाई दारात आली.

“मावशी, मी जयभाऊ. टीव्हीवरचा.”

“गप बसा की! जयभाऊ आत च्या प्याय लागल्यात.”

आतून कुणीतरी हसलं. हे हसू त्यानं टेपवर शेकडो वेळा ऐकलं होतं. स्वतःचं.

दोन पावलं टाकली असती, तर तो आत गेला असता. चहातल्या आल्याचा वास येत होता. कुणीतरी वाट बघितलेलं घर त्याच्यासमोर होतं, आणि तो तिथं आधीच येऊन बसला होता.

“पाणी देऊ का?” धोंडुबाईनं विचारलं. वाटसरूला विचारावं तसं.

“नको.”

सवयीनं तो उंबऱ्याशी वळला. तोंड उघडलं. तो शब्द आलाच नाही.

“जातो,” तो म्हणाला.

तो थांबून राहिला. म्हातारी आता खेकसेल, परत फिरवेल.

“बरं, जावा,” ती म्हणाली, आणि तिनं दार लोटलं.

आतून त्याच्याच आवाजानं विचारलं, “कोण आलतं ओ?”

“कोण न्हाय.”