मागच्या पायरीवर ठेवलेला फोन

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिला पहिल्यापासूनच असले भास होतात.

मी शाळेत शिकवते. वर्गभर मुलं रोज माझ्या तोंडावर खोटं बोलतात. ते पकडायला मला त्यांच्याकडे बघावंही लागत नाही.

म्हणून माझी धाकटी बहीण जे बोलली ते खरं होतं, हे मला लगेच कळलं.

आणि पुढचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. घरात. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. गेल्या हिवाळ्यात, दिवेलागणीला.

बहिणीला आम्ही टिकली म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी तिला परदेशी जायची संधी आली. लाकडी खुर्च्या बनवणारा कारखाना. तिथे शिकाऊ म्हणून काम करायचं आणि गावातल्याच एका कुटुंबाकडे राहायचं.

आई म्हणाली, "परक्यांच्या घरात कशी राहशील गं?"

टिकली म्हणाली, "आपल्या घरात राहते तशीच. बोलणी खात."

पण बोलणी खायची वेळ आलीच नाही. त्या घरात दोघंच होते. काका बस चालवायचे. काकू घरीच पडदे शिवून द्यायच्या. त्यांच्या भाषेत त्यांना काय म्हणतात ते सोडा, आमच्यासाठी ते काका-काकूच झाले. पहिले काही आठवडे टिकली न्हाणीघरात नळ सोडून रडायची. काकूंनी कधी विचारलं नाही. फक्त रात्री तिच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी दिसायला लागली.

मग कामावर घालायला एक जाड जाकीट दिलं. खांद्यात सैल, बाह्या लांब.

ते त्यांच्या मुलाचं होतं. तो नव्हता आता. काकांनी एकदाच सांगितलं, बस पुसता पुसता. याच कारखान्यात होता. संध्याकाळी सायकलने घरी येत होता, धुकं होतं, समोरून ट्रक आला. एवढंच. पुन्हा त्यांनी फडकं बादलीत बुचकळलं.

त्या घराची एक पद्धत होती. कामावरून आलेल्याने पुढच्या दाराने यायचं नाही. अंगावर भुसा असतो ना लाकडाचा. मागून यायचं, पायरीवर दोन्ही बूट आपटायचे, तिथल्या नळावर हात धुवायचे आणि मग घरात.

आणि काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मागचं दार मी लावते. तू लावू नकोस."

टिकलीला हे अवघडच गेलं. आमच्याकडे बरोबर उलटं. दिवे लागले की मागचं दार बंद, कडी वर आणि खाली. लहानपणापासून ते काम तिचंच. विसरली की आईचा आवाज यायचाच, "कडी लावलीस का?"

पुढचं दार मात्र उघडं असायचं. बाबांसाठी. दुकान बंद करून ते यायचे आणि किल्ल्यांचा जुडगा दारामागच्या खिळ्याला अडकवायचे. खण्ण! तो आवाज आला की आई भाजी निवडायची थांबायची. बाबा गेले, दुकान विकलं, नव्या मालकाने कुलपंही बदलली. किल्ल्या खिळ्यालाच राहिल्या. आई अजूनही संध्याकाळी तिथेच बसते भाजी घेऊन. वाऱ्याने जुडगा वाजला की उठते आणि दिवा लावते. आम्हाला त्याची सवय झाली होती. म्हातारपण, दुसरं काय... असं मी म्हणायचे.

तर तिकडे काकूही रोज संध्याकाळी शिवणयंत्रावर बसायच्या. मागच्या दाराकडे तोंड करून, दार सताड उघडं, थंडी असो की काही. यंत्र चालू असायचं. मग मध्येच थांबायचं. काकू जराशा हसायच्या, उठायच्या, दाराला कडी घालायच्या आणि ताटं मांडायला घ्यायच्या.

टिकलीला वाटायचं, दमत असतील.

त्या संध्याकाळी काकूंना ताप होता. यंत्राजवळच्या आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला होता. काका बसवर गेलेले. बाहेरून गार वारा येत होता आणि काकू झोपेत कुडकुडत होत्या.

टिकलीने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. दाराकडे बघितलं. काकूंनी सांगितलेलं आठवलं, पण एवढ्या तापात कसला आलाय नियम?

तिने दार लावलं. कडी वर. कडी खाली. हात आपोआप गेले.

थोडा वेळ गेला.

मग बाहेरच्या पायरीवर...

ठक्. ठक्.

बूट आपटले कोणीतरी. टिकलीला वाटलं, काका लवकर आले.

मग नळ सुटला. पाणी पडायला लागलं. कोणीतरी निवांत हात धूत होतं.

नळ बंद झाला.

आणि दाराची मूठ हळूच खाली गेली...

दार उघडलं नाही. मूठ वर आली. पुन्हा खाली गेली. दाराला काच होती. संधिप्रकाश होता, पायरी दिसत होती, नळ दिसत होता.

पायरीवर कोणी नव्हतं.

टिकलीने काय करावं? तिने दाराला पाठ लावली आणि घट्ट उभी राहिली. मागून मूठ हलत राहिली. जोर नव्हता, राग नव्हता. आपल्याच घराचं दार का उघडत नाही हे न कळल्यासारखी ती हलत होती. मग काचेवर बोटं वाजली. मग अगदी हलक्या आवाजात...

"आई?"

टिकलीने कानांवर हात ठेवले.

काढले तेव्हा सगळं शांत होतं. काकू जाग्या झाल्या होत्या. त्या टिकलीकडे बघत नव्हत्या. कडीकडे बघत होत्या.

त्या उठल्या, भिंत धरत आल्या आणि दार उघडलं. नळ ठिबकत होता. पायरीवर ओल होती आणि लाकडाचा थोडासा भुसा.

ओरडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "किती वेळ उभा होता गं तो?"

आणि आमच्या टिकलीने, जिला साधं खोटं बोलून शाळा बुडवता आली नाही कधी, तिने सांगितलं, "कोणीच आलं नव्हतं, काकू. भुसा माझ्या बुटांचा आहे."

खरं सांगितलं असतं तर? त्यांनी हाक मारली असती. तो लांब गेलाही नसेल.

दुसऱ्या संध्याकाळी काकू यंत्रावर बसल्या. दार उघडं. अंधार पडला तरी यंत्र थांबलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी शिवणं सोडलं. नुसत्या बसायच्या. काका कामावरून यायचे, त्यांना उठवायचे, म्हणायचे, "दमला असेल तो. येणं सोडलं असेल." काकू मान हलवायच्या. पोटच्या पोरानेच यायचं सोडलं असं वाटून ती बाई आतून खचत गेली. आणि टिकली तिच्यासमोर बसून जेवत होती, तिच्याच मुलाचं जाकीट घालून.

निरोप घेतानाही ती काही बोलली नाही. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून पाठीला चटका देतो, म्हणाली.

हे सगळं तिने मला सांगितलं ते परत आल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात. सांगावंच लागलं, कारण मी तिला पकडलं होतं. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, दिवेलागण झाली होती आणि टिकली मागचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर पाटावर बसली होती.

मी म्हटलं, "मच्छर येतील सगळे. लाव ते."

"ताई, नको." तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "तो रोज येतो. मी आले तेव्हापासून. दार उघडं ठेवते, पण आत येत नाही."

मी चिडणारच होते. माझा स्वभावच तसा. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात आमच्या पायरीवर...

ठक्. ठक्.

आमच्या पायरीशी नळ नाही. तरी पाण्याचा आवाज आला.

मग काही नाही. पण कोणीतरी तिथे उभं होतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कोण उभं आहे ते जसं कळतं ना, तसं.

"त्याला वाटतं, कडी मी लावली म्हणजे उघडायचीही मीच," तिकडचं सगळं रडत सांगून झाल्यावर टिकली म्हणाली. "पण हे त्याचं घर नाही, ताई. तो कसा आत येईल?"

मी तिला फोन दिला. "काकूंना लाव. आत्ताच्या आत्ता. सगळं सांग."

तिने लावला. मोठ्याने ऐकू यायचं बटण दाबलं. भाषा मला कळत नव्हती, पण टिकलीचा आवाज कळत होता. सांगून झाल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग काकू बोलल्या. टिकलीने मला सांगितलं, "म्हणतात, इथे अजून दुपार आहे. पण मी मागचं दार उघडते. तू फोन पायरीवर ठेव."

आम्ही फोन पायरीवर ठेवला आणि मागे सरकलो.

फोनमधून काकूंचा आवाज आला. टिकली हलकेच मला अर्थ सांगत होती.

"ये रे बाळा. दार उघडं आहे. ये. घरी ये."

त्याच क्षणी पुढच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा खणखणून वाजला. मला वाटलं, आई आली.

मग फोनमधून, तिकडच्या पायरीवर, इतक्या लांबून...

ठक्. ठक्.

नळ सुटला. आणि काकू रडायला लागल्या. ते रडणं कोणत्याही भाषेत कळलं असतं. टिकली जमिनीवर बसून हुंदके देत होती आणि किती महिन्यांनी मोकळा श्वास घेत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

आई त्यानंतर बऱ्याच वेळाने आली.

माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही.

आठवड्याभराने काकांचा फोन आला. काकू पुन्हा शिवायला लागल्या, जेवायला लागल्या, टिकलीची आठवण काढतात. सगळं छान. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पोरी, त्याच्याबरोबर तुम्ही कोणाला पाठवलंत?"

टिकलीने विचारलं, "म्हणजे?"

"आता दोघं येतात. एक बूट आपटतो. दुसरा दारापाशीच थांबतो. आत येत नाही. नुसत्या त्याच्या हातातल्या किल्ल्या वाजतात."

टिकलीने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनीही पुढच्या दाराकडे बघितलं नाही.

काकूंनी आपल्या मुलाला बोलावलं होतं. पण "दार उघडं आहे, घरी ये" हे आमच्या घरात त्या संध्याकाळी आणखी कोणी ऐकलं, आणि का ऐकलं, मला माहीत नाही. आम्ही नंतर तीन-चारदा फोन पुढच्या दारात ठेवून बघितला. आई घरात नसताना. तिकडून टिकलीसाठी काकूंनीही दार उघडून "जा, तुमच्या घरी जा" म्हणून बघितलं. आम्ही इकडून "बाबा, बाबा" करत बसलो.

जुडगा हलला नाही.

आता वाऱ्यानेही हलत नाही. खिडक्या उघड्या टाकल्या, पंखा तिकडे वळवला. कॅलेंडर फडफडतं. किल्ल्या गप्प.

परवा आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "वारा पडलाय का गं हल्ली?"

मी म्हटलं, "असेल."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी शेजारी गेले होते ना त्या दिवशी... तेव्हा घरी कोणी आलं होतं का? काही झालं होतं का?"

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, ती नुसत्या वाऱ्याला उठते.

सांगायला हवं होतं. टिकलीला मीच शहाणपण शिकवलं होतं, सगळं सांग म्हणून. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, "नाही गं आई. कोणीच आलं नव्हतं."

आईने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणारी दोन पोरं तिनेही वाढवलीत.

हे मी आत्ता आतल्या खोलीत बसून लिहितेय. बाहेर दिवे लागलेत सगळ्यांच्या घरी. आईची भाजी केव्हाच निवडून झालीय. ती अजून दारात बसलीय. दिवा लावायला उठत नाहीये.