म्हातारबा कुणाला टेकायचा?

हे खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायला वेळ नाही. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कुणाचा कोट सैल करणं, यावर आमचं घर चालतं. गोष्टी रचायची मला सवय नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर, दुपारचा चहा झाल्यानंतरची वेळ. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं.

सुरुवात झाली माझ्या धाकट्या भावापासून. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. नोकरी सुटल्यापासून घुम्यासारखा बसायचा. एका सकाळी "आलोच" म्हणून गेला, तो आलाच नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, हॉस्पिटलं पालथी घातली, मित्रांची दारं ठोठावली.

काही नाही.

आईने अंथरूण धरलं. दिवसाला चार घास खायची, तेही मी ओरडले तर. पण घराचं दार काही लावू द्यायची नाही.

"त्याने किल्ली नेलेली नाही," म्हणायची. "बारक्या आला आणि दार बंद दिसलं तर? आल्या पावली परत जाईल गं तो."

दिवसा दार सताड उघडं, रात्री नुसतं लोटलेलं. मी कात्री उशाशी घेऊन झोपायचे.

डॉक्टर म्हणाले, यांना कुणाची तरी काळजी घ्यायला द्या, नाहीतर या हातातून जातील. म्हणून मी प्राण्यांच्या निवाऱ्यात गेले. शेजारीण म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!" म्हणू दे. मी बुडत होते आणि हाताला लागेल ते धरत होते.

पिल्लू आईला झेपणार नव्हतं. तिथल्या बाईने कोपऱ्यातला एक म्हातारा कुत्रा दाखवला. तोंड पांढरं, कान पूर्ण गेलेले, मागचे पाय लटपटणारे.

"याला टेकायला काहीतरी लागतं हं," ती म्हणाली. "भिंत, नाहीतर तुमचा पाय. नाहीतर पडतो बिचारा."

"सापडला कुठे?"

"एका बंद घराच्या अंगणात. मोकळ्या जागेत तिरका उभा होता, एकटाच. पडत कसा नव्हता कोण जाणे..."

मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

"हे काय थेरडं उचलून आणलंस?" आई करवादली. पण संध्याकाळी ती पाणी प्यायला उठली, तेव्हा तो हळूच जाऊन तिच्या पायाला टेकला.

"मेल्या, मीच पडायला आलेय आणि मला काय टेकतोस!"

कितीतरी महिन्यांनी आई हसली होती. मी मशीनवर मान खाली घालून रडून घेतलं. आईनेच त्याचं नाव म्हातारबा ठेवलं. त्याला भरवता भरवता स्वतःही खायला लागली.

कानाने तो ठार बहिरा. एकदा माझ्या हातून डब्यांची चळत कोसळली, सगळी इमारत दचकली असेल, पण म्हातारबाची झोप मोडली नाही. हे लक्षात ठेवा.

मग ती दुपार आली.

मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. म्हातारबा माझ्या पायाशी झोपलेला.

त्याने अचानक मान उचलली...

कुणीतरी हाक मारल्यासारखी.

उघड्या दाराकडे बघून शेपूट हलवायला लागला. धडपडत उठला, भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेला. दारात कुणी नव्हतं. जिन्यातही कुणी नव्हतं, मी वाकून बघितलं.

तो वळला. कुणाच्या तरी चालीने चालावं तसा सावकाश खोलीच्या मधोमध आला. थांबला...

आणि टेकला.

तिथे भिंत नाही. खुर्ची नाही. काहीच नाही. तो अंगाचा सगळा भार एका बाजूला टाकून उभा होता.

पडत नव्हता.

माझ्या हातातला कोट गळाला. म्हातारबा तसाच पुढे आतल्या खोलीत गेला, बारक्याच्या रिकाम्या खाटेशी जाऊन बसला. लोखंडी खाट ती, जुनी...

करकरली. कुणी बसलं की करकरते, अगदी तशीच.

पलीकडच्या पलंगावर आई ताडकन उठून बसली.

"आलास?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "ये रे बाळा. ये आत. दमलास ना? झोप."

त्यानंतर रोज दुपारी तेच.

आई सुधारली. वेणी घालायला लागली, स्वयंपाकघरात जायला लागली, बारक्याचं ताट वाढून खाटेपाशी ठेवायला लागली. शेजारीण म्हणाली, कुत्रा लाभला हो तुम्हाला. मी मान हलवायचे.

पण मी रोज दुपारी जिन्यात जाऊन बघायचे, पावलं वाजतात का. कारण जिता माणूस जिना चढून येतो. चहा मागतो, भांडतो. असा जो येतो...

माझा भाऊ गेला होता. मला कळून चुकलं होतं, आणि आईला सांगायची माझी छाती नव्हती. मशीन जोरात चालवायचे आणि त्या आवाजात रडायचे.

एका संध्याकाळी आई उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली. तिने स्वतःच्या हाताने!

"आई... दार?"

"राहू दे लावलेलं. आता सगळे घरात आहेत."

पुढच्याच आठवड्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"ताई... मी बोलतोय. रागावलीस?"

मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग हुंदके देऊन रडले. बारक्या कुठल्याशा गावात गोदामात काम करत होता. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणे, गाढवाला! उद्या येतो म्हणाला.

माझा आनंद फोन ठेवेपर्यंतच टिकला.

वळून बघितलं, तर आतल्या खोलीत खाटेपासून हातभर दूर म्हातारबा उभा होता. तिरका. टेकलेला.

निवाऱ्यातल्या बाईचं बोलणं मला आत्ता ऐकू आलं. मोकळ्या जागेत तिरका उभा होता, एकटाच...

मग आम्ही घरात घेतलं होतं ते कोण?

आईला सांगितलं, बारक्याचा फोन होता. तिने माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "कुणीतरी थट्टा करतंय गं तुझी. तो बघ की, आत पडलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्या आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, खांद्याला एक पिशवी. मी कडी काढली. आई हातात पळी घेऊन बाहेर आली. तिच्यामागून म्हातारबा आला आणि आतल्या खोलीच्या दारात, चौकटीच्या अगदी मधोमध, टेकून उभा राहिला.

"आई..." बारक्याने पिशवी खाली ठेवली.

आईने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी गं! मी, बारक्या!"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. माझा मुलगा आत झोपलाय."

आम्ही काय नाही केलं? फोटो दाखवले. हनुवटीवरची लहानपणची खूण दाखवली. बारक्याने तिच्या पायांवर डोकं आपटलं. तिने त्याला पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं. डॉक्टर म्हणतात, धक्क्याने असं होतं. असेल. पण डॉक्टरांनी त्या खाटेवरच्या गादीला हात लावून बघितलेला नाही. ती मधोमध दबलेली असते...

आणि कोमट असते.

बारक्या माझ्या मशीनशेजारी जमिनीवर झोपतो. एकदा हट्टाने आपल्या खाटेवर जाऊन आडवा झाला. लगेच बाहेर आला, तोंड पांढरंफटक.

"काय झालं रे?"

"ताई... तिथे जागा नाहीये."

एवढंच बोलला. मी त्याचं अंथरूण पुन्हा मशीनशेजारी घातलं.

आई मला हळूच विचारते, "तुझ्या ओळखीचा हा मुलगा कधी जाणार गं? माझ्या बारक्याला आवडत नाही तो." बारक्याला ऐकू जातं. तो खिडकीकडे तोंड करून बसतो. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं, पण मी काय करू? कुठे घेऊन जाऊ दोघांना? गेलो तर ते मागे राहील याची खात्री कोण देणार?

परवा म्हातारबा गेला. झोपेतच, खाटेखाली.

तेव्हापासून मी जास्त घाबरलेय. तो होता तोवर कळायचं तरी. ज्या बाजूला तो टेकलेला, ती बाजू टाळून आम्ही दोघं चालायचो. आता मी भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात जाते. बारक्या ताट हातात घेऊन दारात अडखळतो, पाऊल कुठे टाकावं ते त्याला कळत नाही.

आज सकाळी निवाऱ्यातल्या बाईचा फोन आला. एक म्हातारी कुत्री आहे, डोळे गेलेले, तिला कुणी नेत नाही. घ्याल का?

मी लगेच हो म्हटलं.

"किती मोठं मन आहे हो तुमचं," ती म्हणाली.

कसलं मोठं मन, बाई... मला फक्त कळायला हवंय, ते आत्ता घरात कुठे उभं आहे.