डावा आरसा

बसा रे, टायरवर बसा. त्या बॉनेटला टेकू नका. रंग माझ्या हातचा आहे आणि तुमच्या जीन्सना मागे लोखंडी बटणं आहेत.

दिवसभर तुमचा वाद चाललाय, या जुन्या जपानी गाड्यांचे आरसे दार सोडून पार पुढे मडगार्डवर का. कुणी म्हणालं, फॅशन. फॅशन कसली, डोंबल! त्यांच्याकडे त्र्याऐंशीपर्यंत कायदाच होता तसा. आरसा पुढे असला की मान वळवावी लागत नाही, नजर हलवली की मागचा रस्ता दिसतो. पण त्याची एक खोड आहे. आत बसून हात पोचत नाही. एकाने सीटवर बसून बघायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून फिरवायचं. एकट्याचं कामच नाही ते.

माझ्या ओळखीतला एक होता. जन्मभर नकाशे काढायची नोकरी केलेला. आम्ही त्याला मिलिमीटर म्हणायचो. टेबलाच्या कडेपासून कप किती लांब ठेवला यावरून बायकोशी वाद घालणारा माणूस. त्याची बहात्तर सालची दोनदारी होती, लांब नाकाची. छत शेपटीपर्यंत एका रेघेत उतरत गेलेलं. ती रेघ तो डोळे मिटून कागदावर काढून दाखवायचा. ज्या कोण्या जपान्याने ती मातीच्या नमुन्यावर पहिल्यांदा ओढली असेल, त्याच्याबद्दल असा बोलायचा जणू सख्खा मामा.

दर रविवारी फिरायला निघण्याआधी वहिनी पुढे उभ्या राहायच्या. हा आतून म्हणायचा, "जरा आत. अजून जरा. खाली." जमलं की, "बास." बास म्हटल्याशिवाय आरसा सोडायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. मग वहिनी हात पुसत यायच्या, डावीकडे बसायच्या आणि म्हणायच्या, "मला इतकं निरखून कधी बघितलं नाहीत."

एका रविवारी त्या म्हणाल्या, "पाय भरून आलेत हो. बसू का?"

"अजून जरा आत."

याची नजर आरशात. आरसा हलेना, म्हणून परत म्हणाला, "अजून जरा." मग कट्ट करून आवाज झाला आणि आरसाच दिसेनासा झाला. हा ओरडला, "मोडलास ना!"

तिच्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते. उतरून बघतो तर वहिनी मडगार्डखाली पडलेल्या, आरसा हातात. छातीत कळ आली होती. बास ऐकलं नाही म्हणून सोडला नव्हता.

त्यानंतर मिलिमीटर रडला नाही. जेवायचा, दाढी करायचा, लेकीचा फोन आला की "बरं" म्हणायचा. लेक म्हणाली, "बाबा, ती गाडी देऊन टाका कुणाला तरी." तर म्हणाला, "बरं." दुसऱ्या गावचा एक शौकीन न्यायलाही तयार झाला. पण आरशाशिवाय गाडी देईल तर तो मिलिमीटर कसला? दीड वर्ष धुंडाळून त्याने डावा आरसा मिळवला, लांबच्या एका भंगारवाल्याकडे.

नऊ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी गाडी घेऊन गेला. आरसा बसवला. भंगारवाला म्हणाला, "बसा आत काका, मी फिरवतो."

"नको. तिथे कुणी उभं राहायचं नाही."

तसाच निघाला. डाव्या आरशात नुसतं काळं आभाळ. एक ट्रक अंगाला चाटून गेला तेव्हा याचं चाक रस्त्याखाली उतरलं. रात्रीचे पावणेअकरा. अमावस्या वगैरे काही नव्हती, मी मसाला घालत नाही. पुढे ट्रक तोलायचा एक वजनकाटा होता, बंद. तिथे त्याने गाडी घेतली. मागे शेडला एक ट्यूबलाइट जळत होती. ती आरशाच्या मधोमध आली की काम झालं.

उतरला, फिरवला, येऊन बसला. जास्त झाला. परत उतरला. आता कमी. अशा सात फेऱ्या केल्या. आठव्यांदा उतरवेना. आणि सवयीने तोंडातून गेलं...

"जरा आत."

आरसा हलला.

वारा नव्हता. इंजिन बंद.

"अजून जरा..."

कर्र... हलला.

काचेतून समोर बघितलं असतं तर... नाही बघितलं. नंतर मला म्हणाला, "तात्या, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पण बघितलं आणि कुणी नसलं तर?"

"खाली..."

ट्यूबलाइट मधोमध. अगदी मधोमध. आता एकच शब्द उरला होता. तो म्हटला की हात सुटणार.

तो त्याने म्हटलाच नाही.



मग म्हणाला, "अजून जरा. बाहेर."

आरसा बाहेर गेला. चांगला लागलेला आरसा त्याने बिघडवून घेतला. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

अख्खी रात्र.

पहाटे लेकीचा मला फोन. बाबा घरी नाहीत, उचलतही नाहीत. मी स्कूटर काढली, भंगारवाल्याच्या रस्त्याला लागलो. साडेसहाला, उजाडताना, काट्यापाशी गाडी दिसली. हा सीटवर ताठ, ओठ सुकलेले. मी पुढून गेलो तशी आतून किंकाळीच आली.

"तिकडे नको! ती उभी आहे!"

मी जागीच थांबलो. कुणी नव्हतं. खाली बघितलं. काट्यासमोर खडीची पूड पसरलेली, पिठासारखी. याच्या बुटांचे ठसे होते, सात फेऱ्यांचे. त्यांच्यावर, डाव्या मडगार्डपाशी, दोन पावलं. अनवाणी. लहान. टाचा बोटभर रुतलेल्या, एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत खूप वेळ उभं राहिल्यासारख्या. आल्याचा माग नाही. गेल्याचा नाही.

मी म्हटलं, "उतर. खाली बघ."

उतरला. बघत राहिला. मापं घेणारा माणूस, पण हात पुढे झाला नाही.

"पाय भरून आले असतील तिचे," म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याचा आवाज कातर झाला.

परत जाऊन सीटवर बसला. या वेळी आरशात नाही... आरशावरून, त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"बास."

काही झालं नाही. पान हललं नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला, लहान पोरासारखा. म्हटलं, याला एकट्याला गाडी चालवू द्यायची नाही, शेजारी बसून नेऊ. मागून वळसा घालून डाव्या दाराशी गेलो. मुठीला हात घातला. खाली नजर गेली.

मडगार्डपाशी दोन पावलं होती ना?

आता आणखी होती...

एक. दोन. तीन. चार. तिथून दारापर्यंत. शेवटची दोन माझ्या बुटांपुढे, बोटं गाडीकडे.

दार बंदच होतं. मी मुठीवरचा हात काढला आणि म्हटलं, "तू हो पुढे. मी आपला स्कूटरवरून येतो."