टिन काइट्सची रेकॉर्ड

थेल्माने चर्चच्या जुन्या बाजारातून 'टिन काइट्स' नावाच्या बँडची रेकॉर्ड आणली, तेव्हा रॉनीला हसू आलं. तरुणपणीच्या काळातला एकेक बँड बायकोला तोंडपाठ. हे नाव मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. वेष्टनावर फोटो होता तो त्यांच्याच गावातल्या कामगार क्लबचा. कार्यक्रम चालू असतानाच तिथे ध्वनिमुद्रण केलेलं. तो क्लब पाडून आता तिथे मोटारी उभ्या करतात.

रविवारी दुपारी थेल्माने ती रेकॉर्ड लावली. भरपेट जेवून रॉनी पेंगत होता. गाणी झकास होती, गिटार खणखणीत. रेकॉर्डवर दोन गाण्यांच्या मध्ये क्लबचा सेक्रेटरी माइक ओढून घेई आणि सूचना देई, तशी तिथली रीतच होती. "सॉसेज रोल आलेत. ढकलाढकली नको!" लोक हसले. मग तोच आवाज म्हणाला, "कॉलिन रेन, दारात तुझी बहीण आलीय."

थेल्माच्या हातातला कप बशीवर आपटला.

कॉलिन तिचा धाकटा भाऊ. विशीच्या आतच, एक नवा बँड ऐकायला म्हणून याच क्लबात गेला तो परत आलाच नाही. तेव्हा क्लबात बायकांना एकटं आत सोडत नसत. त्याला घरी न्यायला आलेली थेल्मा दारात थांबली. दारावरच्या माणसाने पुकारा करवला आणि येऊन सांगितलं, असा कुणी पोरगा आत नाही. ती मुकाट्याने घरी आली, आणि ते तिला जन्मभर खुपत राहिलं.

रेकॉर्डवर कुणीतरी हसलं. "आमच्या थेल्माला म्हणावं, एवढं गाणं झालं की आलोच!"

"आत होता तो," थेल्मा म्हणाली.

रॉनी वायरमन, त्याचा विश्वास फ्यूजवर. "अगं, एका नावाची दहा माणसं असतात."

"आणि बहिणीही त्याच नावाच्या?"

तिने सुई मागे नेली. सॉसेज रोल. हशा. "कॉलिन रेन, तुझी बहीण अजून दारातच आहे."

रॉनीची झोप उडाली. रेकॉर्डवरचे शब्द बदलत नसतात.

या वेळी कॉलिन हसला नाही. "उठताच येत नाहीये," तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा होता.

थेल्माने चांगला कोट चढवला, सगळी बटणं लावली.

"कुठे निघालीस?"

"आत. तेव्हा विचारत बसले. आता कुणाच्या बापाला विचारणार नाही."

"थेल्मा, तिथे काहीच उरलेलं नाहीये गं!"

रॉनी घाबरला. तो खुर्चीतून उठेपर्यंत बाहेरचं दार लागलं होतं. दार उघडून त्याने पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

आत स्पीकरमध्ये एक जड दार करकरलं. बँड थांबला.

लाकडी जमिनीवर टाचा वाजत पुढे आल्या.

"बाई, सभासद आहात का?" सेक्रेटरीने विचारलं.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सरक रे जरा," थेल्मा म्हणाली.

कॉलिन हुंदके देऊन रडू लागला. बँडने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"घरी चल गं," रॉनी पुटपुटला आणि सुई उचलायला वाकला. सुई केव्हाच रेकॉर्डवरून बाजूच्या टेकूवर परत गेलेली होती, रेकॉर्ड फिरत नव्हती, आणि गाणं चालूच होतं.