स्वराजच्या गाडीतला भुसा

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला बरं वाटलं असतं.

हिच्यात भीतीपेक्षा किळस जास्त आहे. ताट समोर असेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. रात्र नव्हती, अंधार नव्हता. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि पत्रा तापून त्याखाली उभं राहवत नव्हतं. जागा शिरवणे गावातल्या शेवटच्या गल्लीतली, माझ्या मामाचं गॅरेज.

मामाचं नाव प्रीतम. जुन्या, जोरात पळणाऱ्या गाड्या हे त्याचं खास काम. लोक म्हणायचे, प्रीतमला गाडी दाखवायची नाही, नुसती ऐकवायची. त्याच्याकडे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. टोक लोखंडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडलंय ते त्याला तसंच कळायचं.

त्या दुपारी एक गाडी टोइंगवर चढून आली. वीस वर्षं जुनी, दोन दारांची, काळी. तिची मागची चाकं फिरतच नव्हती.

मामाने ती लगेच ओळखली.

गाडीबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले होते. मूळचे साताऱ्याकडचे, सारं आयुष्य बाजारात पाठीवर गोणी वाहिलेले. नाव हौसेराव. ही गाडी त्यांच्या मुलाची, स्वराजची. सहा वर्षांपूर्वी न्हावा शेव्याच्या अलीकडे भर रस्त्यात ती गरगर फिरली आणि खाडीच्या चिखलात गेली. स्वराजला बाहेर काढलं तेव्हा त्याचं तोंड चिखलाने गच्च भरलेलं होतं.

पोराने गाडी वेड्यासारखी पळवली असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गाडी घ्यायला होकार हौसेरावांनी दिला होता. त्यांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं. एका खोलीत राहून एक शब्द नाही.

हौसेरावांना गाडी दुरुस्त करून नको होती. त्यांना फक्त एक उत्तर हवं होतं.

"मिस्त्री, उघडून बघा आन् एवढंच सांगा. चूक पोराची हुती का गाडीची? स्वराज तुमचं लई नाव घ्यायचा. म्हनायचा, प्रीतम मिस्त्रींनी सांगितलंय, गाडी लोण्यावानी हाय."

मामाने मान हलवली आणि त्यांना बाहेर स्टूलावर बसवलं. उत्तर त्याला गाडी न उघडताच माहीत होतं.

मिथुन म्हणून त्याचा गावातला दोस्त. गाडी आधी त्याची होती. तिचं डिफ, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा लोखंडी डबा, आतून झिजलं होतं. वेग धरला की गाडी रडायची. अशा रडणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. मिथुन मामाकडे आला आणि म्हणाला, हिला जरा गप्प कर.

ही एक जुनी चोरटी पद्धत आहे. लाकडाचा बारीक भुसा आणि केळ्याची वाटलेली सालं तेलात कालवून डिफमध्ये कोंबायची. आवाज बंद होतो. पण आतल्या बेअरिंगला तेल मिळत नाही. महिना जाईल, दोन महिने जातील, मग कधीतरी सगळं जळून जाम होतं. कुठे आणि किती वेगात असताना होईल, ते कुणाच्या हातात नसतं.

मामाने ते केलं होतं, स्वतःच्या हाताने. आणि स्वराजने घेण्यापूर्वी विचारलं तेव्हा, आवाज कसला, एकदम लोणी, असं हसून सांगितलंही होतं.

माझा सख्खा मामा आहे. तरी सांगतो, हे लिहितानाही मला त्याची शिसारी येते.

असो.

मामा पाठीवर गाडीखाली सरकला. डिफवर चिखलाचं कवच होतं. ते खरवडून त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर टेकवला. खरं तर ऐकण्यासारखं काही नव्हतंच. इंजिन बंद, चाकं जाम, सहा वर्षं हललेली नाही अशी गाडी.

त्याने मूठ कानामागे दाबली.

आणि आत...

कुणीतरी चावत होतं.

ओलं, मचमच, तोंड उघडं टाकून चावल्यासारखं. मामाला तो आवाज पंगतीतही सहन व्हायचा नाही, तो उठून जायचा. इथे तर थेट हाडातून डोक्यात शिरत होता.

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. शांतता. पुन्हा टेकवला.

मचमच... मचमच... आणि मध्येच एक उबळ. तोंडात मावत नाही इतकं कोंबल्यावर माणूस बोलायला जातो तेव्हा येते, तशी.

मामा गाडीखालून बाहेर सरकायला निघाला. पण बाहेर हौसेराव बसले होते. काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्याने खाली ट्रे ठेवला आणि तेलाचा बोल्ट सोडला.

इतक्या वर्षांनी आतलं तेल डांबर व्हायला हवं होतं. ते पातळ आलं, तारा धरत, बुडबुड्यांसकट. एक धार त्याच्या मनगटावर पडली.

कोमट होती.

तेलाचा वास नव्हता त्याला. सकाळी न धुतलेल्या तोंडाचा वास होता.

मामाने मनगट पॅंटला पुसलं. मग त्याने मागचं झाकण खोललं. बेअरिंग जळून निळं पडलं होतं, दाते तुटले होते, ते त्याला अपेक्षितच होतं. भुसाही तिथेच होता. पण काळा पडला नव्हता. पांढराशुभ्र, ओला, चावून चावून लगदा केलेला. त्यात केळ्याची सालं होती. मामाने वाटून घातलेली सालं आता अख्खी होती, पिवळीधमक.

त्याने बोटाने तो लगदा बाजूला केला...

मागून अजून आला. पुन्हा काढला. पुन्हा आला. ट्रे भरला तरी डबा रिकामा होईना. मग तो हात मागे घेऊन नुसता पडून राहिला.

"सापडलं का काय, मिस्त्री?" हौसेरावांनी बाहेरून विचारलं. ते स्टूलावरून उठून गाडीजवळ आले होते. मामाला फक्त त्यांचे पाय दिसत होते, झिजलेल्या चपलांतले.

एक वाक्य बोलायचं होतं. त्या एका वाक्याने म्हाताऱ्याच्या घरात सहा वर्षांनी माणसं एकमेकांशी बोलली असती.

मामा गाडीखालूनच त्याच्या आगरी बोलीत म्हणाला, "गारीन कायच नव्हता, काका. पोरानंच पलवली असंल."

पाय एक पाऊल मागे सरकले.

"बरं झालं," हौसेराव म्हणाले. "इचारलं नसतं तर डोक्यात राह्यलं असतं."

ते गेले, गाडी भंगारात द्यायला सांगून. मामाने स्क्रूड्रायव्हर पुन्हा एकदा टेकवला. आवाज थांबला होता. ट्रेकडे पाहिलं तर त्यात काळं, सुकलेलं डांबर होतं आणि दुसरं काही नव्हतं.

मामा मला म्हणाला, तेव्हा वाटलं, सुटलो.

घरी मनस्वी मामीने जेवायला वाढलं होतं. भात आणि बोंबलाचं कालवण, त्याच्या आवडीचं. मामाने पहिला घास चावला... आणि तो थांबला. ताटाच्या कडेला थुंकला.

भुसा होता.

मामीनेही पाहिला. तांदळात काही आलं असेल म्हणून तिने भात टाकून दिला, भाकरी दिली. भाकरीचंही तेच झालं. पाण्याचं तेवढं नाही.

श्रावणापर्यंत मामाचे गाल आत गेले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गावदेवीला नारळ झाला. दिवसाला दोन-चार घास तो डोळे मिटून गिळायचा. चावायचा नाही, कारण चावलं की ते तोंडात वाढतं, असं म्हणायचा. शेवटी त्याने मला सगळं सांगितलं. सांगताना त्याला काहीही झालं नाही. मला सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

मीच त्याला म्हणालो, चल, हौसेरावांकडे जाऊ.

तुर्भ्याला त्यांची एक खोली. मुक्ताबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या, नवऱ्याकडे पाठ करून. मुलगी उज्वला आमच्यासाठी चहा टाकत होती. मामा हौसेरावांसमोर बसला. त्याने हात जोडले.

"काका, त्या गारीन..."

त्याचा डावा गाल फुगला.

मग उजवा. डोळे बाहेर आले. तो उठला, कसाबसा मोरीपर्यंत पोहोचला आणि वाकला. मी मागेच होतो, मी पाहिलं. मुठी-मुठीने भुसा पडत होता, थुंकीने चिकट झालेला. शेवटी घशातून काहीतरी लांब, पिवळं, सरकत बाहेर आलं. मोरीच्या जाळीवर केळ्याचं साल पडलं.

हौसेराव त्याची पाठ चोळत होते. त्यांची नजर चांगली नाही, मोरीतलं त्यांना दिसलं नाही.

"पोट बिघाडलंय तुमचं," ते म्हणाले. "पानी घ्या. बोलायचं काय ते नंतर बोला."

आता हे नीट वाचा. त्या वेळी माझं तोंड रिकामं होतं. मी बोलू शकत होतो. मामाचं नाव, मामीचं घर, गावातली अब्रू, सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी मूग गिळून बसलो. उज्वलाने दिलेला चहा प्यायलो आणि मामाला घेऊन परत आलो.

गॅरेज आता बंद आहे. मामा तांदळाच्या पेजेवर जगतोय. मिथुनला गाठून विचारपूस करायची हिंमत मला अजून झालेली नाही. तो कुणाच्याच घरी जेवत नाही, एवढं ऐकून आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी दात घासून चूळ भरली. बेसिनमध्ये फेस पडला आणि फेसात...

एकच कण होता. बारीक, पांढरा, लाकडाचा.

हौसेराव मोबाईलवर वाचत नाहीत. पण त्या दिवशी चहाला आधण ठेवून उज्वला अशाच गोष्टी वाचत उभी होती, ते मी पाहिलं होतं. म्हणून नावं बदललेली नाहीत.

उज्वला, तुझ्या भावाची चूक नव्हती. गाडी आधीच मारलेली होती आणि ती माझ्या मामाने मारली होती. आईला सांग. आज सांग.

ही चार वाक्यं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. तीनदा उठून बेसिनपाशी जावं लागलं.

अजून डावा गाल जड वाटतोय.