डाव्या हाताचं पत्र

“माझ्या लेकाचा हात भाजला, आणि तू त्याला हसरा चेहरा पाठवतेस? माणूस आहेस की दगड!”

सासूबाईंनी आपला मोबाईल ओट्यापाशी, अगदी तिच्या नाकासमोर धरला होता. त्यांचे ओठ थरथरत होते, डोळे भरून वाहत होते... आणि तिला त्या एवढ्या बोलण्यातून ‘हात’ आणि ‘दगड’ हे दोनच शब्द हाती लागले! तिने मोबाईलकडे पाहिलं. पट्ट्यांत गुंडाळलेला हात. खाली त्याने कसंबसं टाइप केलेलं — ‘उजवा हात भाजला म्हणून तिला सांगितलं. तिने हसरा चेहरा पाठवला, आई.’

काल दुपारी आलेला तो दोन मिनिटांचा आवाजी निरोप... तो हा होता तर!

तिचा डावा कान दीड वर्षापूर्वीच गेला होता आणि उजवाही आता मिटत चालला होता. कानाच्या नसा सुकल्यात, यंत्र लावलं तर थोडंफार ऐकू येईल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद तिने कुणालाच दाखवला नाही. नवरा समुद्रापलीकडच्या गोदीत वेल्डर होता, मुकादमाच्या परीक्षेला चार महिने उरले होते. मागच्या खेपेला सासरे आजारी पडले, तेव्हा तो परीक्षा अर्धी टाकून धावत आला होता आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. हिच्या कानांचं कळलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. तेवढंच तिला नको होतं!

म्हणून व्हिडिओवर चित्र अडखळून त्याचे ओठ वाचता येईनासे झाले, की ती “रेंज नाही हो” म्हणून फोन ठेवायची. दिवसभर त्याच्या हातात जाड मोजे, त्यामुळे तो टाइप न करता बोलूनच पाठवायचा. ते निरोप ती तळहातावर ठेवून लावायची. तो बोलत असला, की फोन किंचित थरथरायचा... तेवढाच त्याचा आवाज! मग सकाळच्या निरोपाला बदाम, दुपारच्याला हसरा चेहरा. सगळा कारभार अंदाजाने. आज तो अंदाज अंगाशी आला होता.

“आई, मला दोन दिवस द्या,” ती शांतपणे म्हणाली. “मग हवं तेवढं बोला.”

सासूबाई पाठ फिरवून निघून गेल्या. जाता जाता त्या काय बोलल्या, ते तिला कळलं नाही. विचारलंही नाही.

त्याला तिने चारच ओळी टाइप केल्या. ‘हात जपा. मी हसले नाही. पत्र पाठवतेय. ते हातात पडेपर्यंत माझ्यावर खुशाल चिडा, पण परीक्षा सोडायची नाही.’ बाकीचं फोनवर लिहिण्यासारखं नव्हतंच. पहिलं वाक्य जाताच त्याने फोन लावला असता आणि ती पुन्हा मुकी झाली असती! पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, कटाईच्या यंत्राशेजारी बसून तिने चार कोरे कागद भरले. पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडत नव्हतं, चित्र गोठत नव्हतं. कान, डॉक्टर, दीड वर्षाचं खोटं... सगळं तिने लिहिलं. शेवटी लिहिलं — ‘मला दया नको. मी कामावर जाते, यंत्राला कानांपेक्षा डोळेच लागतात. तुम्ही मुकादम होऊनच या. अर्ध्यातून आलात, तर मी दार उघडणार नाही.’

पुढचे तीन आठवडे सासूबाई एका घरात राहून तिच्याशी बोलल्या नाहीत. दोन दिवसांचं तिने बोलून दाखवलं होतं खरं, पण त्याला कळण्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. ताट वाढायचं, औषध द्यायचं, मान ताठ ठेवायची. तो मात्र रोज फक्त एक शब्द पाठवायचा — ‘बरा.’

मग एके दिवशी ती कामावरून आली, तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. मांडीवर फोडलेलं पाकीट. त्यांच्या नावाने आलेला एक कागद वाचून झाला होता, दुसरा त्यांनी तिच्यापुढे केला. अक्षरं वेडीवाकडी, ओळी खाली घसरलेल्या. उजवा हात बांधलेला, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलं होतं!

‘तुझं पत्र सात वेळा वाचलं. एवढं तू माझ्याशी कधी बोललीच नव्हतीस. की मीच ऐकलं नाही? हात महिन्याभरात बरा होईल, परीक्षा देणार. दाराची धमकी मिळाल्यावर न देऊन सांगतो कुणाला! पण माझीही अट आहे. कानाचं यंत्र आत्ता घ्यायचं, मी येईपर्यंत थांबायचं नाही. यापुढे तुला बोलून काही पाठवणार नाही. या पानाला चार दिवस लागले... लागू देत.’

अक्षरं पुसट झाली. तिने मान वर केली, तेव्हा सासूबाई तिच्या अगदी समोर उभ्या होत्या. तोंड उघडून त्या काहीतरी जोरजोरात ओरडत होत्या.

“ओरडू नका, आई,” रडता रडता तिला हसू आलं. “सावकाश बोला. मला ओठ दिसले, की पुरे.”

“मला... सांगितलं... नाहीस?”

“तुम्ही त्यांना बोलावलं असतंत.”

“बोलावलंच असतं!” सासूबाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, “चुकले गं मी. तुला दगड म्हणाले.”

“ते ऐकू आलं होतं, आई,” ती म्हणाली. “नेमकं तेवढंच!”

दोघी रडत, हसत उंबऱ्यातच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी कानाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सोबत कोण आलंय असं विचारलं, तेव्हा तिच्याआधी सासूबाईच बोलल्या. त्यांनी तोंड मुद्दाम तिच्याकडे वळवलं होतं, तिला वाचता यावं म्हणून —

“मी. हिची आई.”