गंगा खारट कशी झाली?

आबासाहेबांनी थोरल्या लेकीला सासरी धाडलं, ते साल १९८९. मांडव उतरला, पाहुणे पांगले आणि पाथरीकडच्या त्या घरात चारच माणसं उरली. आबासाहेब, अंथरुणाला खिळलेली त्यांची आई पार्वतीबाई, विधवा बहीण सुलाबाई आणि धाकटी लेक इंदू. त्याच आषाढात घरातून पाण्याची एक बाटली नाहीशी झाली.

आबासाहेब हे सांगायला परभणीला आले, तेव्हा बन्सीधर हसलाच. त्याचं कापडाचं दुकान होतं, पण दुपारी तो दत्तरावांकडे येऊन बसे. दत्तराव खाजगी तपासाची कामं घेत.

"पाण्याची चोरी?"

"हसू नका, शेठ. लेकीचं साल वाया जायलंय."

इंदूनं औरंगाबादला पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्ज केला होता. मुलाखतीला येताना आपल्या भागातल्या पाण्याचे नमुने आणायचे होते. भर उन्हाळ्यात गोदावरी डबक्यांपुरती उरली, तेव्हा व्यंकटरावांच्या साबण कारखान्याच्या नाल्याजवळ तिनं एक बाटली भरली. दुसरी घरच्या विहिरीची. आता नदीला वरून पाणी आलं होतं. ती बाटली पुन्हा भरून मिळणार नव्हती, आणि मुलाखत होती उद्या.

जीप गावात शिरली तेव्हा आभाळ उतरून घरांवर बसल्यासारखं वाटत होतं. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. बन्सीधरला आपण जागे आहोत की जीपमध्ये डुलकी लागली आहे, तेच कळेना.

सुलाबाईनं पाणी दिलं. दत्तरावांनी तांब्या रिकामा केला. "लय गोड विहीर आहे तुमची."

तिनं रिकामा तांब्या उचलला. तिच्या बोटांना पांढरं लागलं होतं. रांगोळी घातली असेल, असं बन्सीधरला वाटलं.

इंदूनं माजघरातला कोनाडा दाखवला. एकच बाटली उरली होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'विहीर'.

"गेलेल्या बाटलीवर काय लिहिलं होतं?"

"गंगा. दुसरं काय लिहिणार?"

"म्हणजे नेणाऱ्याला वाचता येतं."

"मग घरातलं कुणी न्हाई," आबासाहेब म्हणाले. "माझं म्हणाल, तर मी परवा मानवतच्या बाजाराला होतो. आई अशी, आन सुलाचा तर अंगठा हाय."

सुलाबाई चुलीकडे वळली. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं 'ग' काढला होता, पुन्हा पुन्हा, वाकडा आणि मग जरा सरळ.

"लेकराचं काम," बन्सीधर म्हणाला.

"असेल," दत्तराव म्हणाले.

आतल्या खोलीत पार्वतीबाई पडल्या होत्या. उशाशी देवपूजेची पळी होती. परवा दिवेलागणीला त्यांचा जीव घाबरा झाला होता. घरात तेव्हा सुलाबाई एकटी. इंदू डॉक्टर आणायला धावली होती. ती येईपर्यंत म्हातारी सावरली.

"मी गंगेवर जाऊन आले," पार्वतीबाई छताकडे पाहत म्हणाल्या. "नाव होती. पैलतीर धुक्यात. ओंजळभर प्याले. पर गंगा खारट कशी गं झाली, सुले?"

"स्वप्नात बोलायल्यात," बन्सीधर कुजबुजला.

व्यंकटराव कारखान्याच्या ओट्यावर भेटले. "एक बाटली चोरून मी काय झाकू? नाला साऱ्या गावाला दिसायलाय. आन माझा माणूस आला असता, तर पाणी तिथंच ओतून बाटली फोडली असती."

इंदूच्या चुलतभावानं, चंद्रभाननंही त्याच जागेसाठी अर्ज केला होता. तो भडकला. "दोन पाण्यांची तुलनाच तर दाखवायची हाय! तिचं काम बिघडवायचं असतं, तर दोन्ही नेल्या असत्या, साहेब."

परतताना बन्सीधर म्हणाला, "चंद्रभान लय बोलतो. तोच असावा."

"तुमी कापड मोजा," दत्तराव हसले.

घरी सगळ्यांना म्हातारीच्या खोलीत बसवून दत्तराव बोलू लागले.

"वैऱ्यानं पाणी ओतलं असतं. ज्यानं बाटली नेली, त्याला ते पाणी हवं होतं. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं? गंगाच म्हणतात. इंदूनं सवयीनं तेच लिहिलं. तिच्यासाठी तो नमुना होता. ज्याच्या घरात जीव जायला लागलाय, त्याच्यासाठी ते तोंडात घालायचं पाणी. गाळ तळाला बसलेला, खोलीत अंधार. रंग कसा दिसणार? पळी उशाशी राहिली. आणि आजींनी तर साक्षच दिली. घरची विहीर गोड. मग साबणाच्या नाल्याचं खारट पाणी तोंडाला लागलं कुठून?"

"पर वाचलं कुणी?" आबासाहेबांनी विचारलं.

"चुलीमागचे 'ग' कुणाचे? या घरात लहान लेकरूच नाही. बोटांना लागलं होतं ती रांगोळी नव्हती, शेठ. दारात रांगोळी होती कुठं? तो पाटीवर गिरवायचा खडू होता. बाई, तुम्ही संध्याकाळी कुठं जाता?"

"भजनाला," आबासाहेबच म्हणाले.

"न्हाई, दादा." सुलाबाईचा आवाज फुटला. "प्रौढांच्या वर्गाला. तुमी हसताल म्हून बोलले न्हाई. परवा माय डोळे फिरवायली. गंगाजळ कुठून आणू? कोनाड्यात बाटली दिसली. अक्षर लावलं. ग... गं... गंगा. वर्गाबाहेर वाचलेला माझा पहिला शबूद. वाटलं, देवानंच ठिवली. आन सकाळी इंदू रडायली, त्यात नाल्याची घाण हाय म्हून. म्या मायला इख पाजलं, असं वाटलं. बाटली ज्वारीच्या कणगीत घातली."

मग अंथरुणातून आवाज आला. "सुले, तुला वाचता येतंय?"

इंदूची आई गेल्यावर तिला या आत्यानंच वाढवलं होतं. इंदूनं कणगीतून बाटली काढली. एक पळीभर पाणी कमी होतं. "एवढं का कमी, ते उद्या खरं सांगीन," ती म्हणाली आणि पेन आत्याच्या हातात दिला. सुलाबाईनं 'गंगा'च्या खाली, अक्षर विचारत विचारत लिहिलं, 'पिऊ नये'.

बन्सीधरनं ती बाटली उजेडात धरली. गाळ हलला, वर आला आणि धुक्यासारखा तरंगत राहिला.

इंदूला प्रवेश मिळाला. चंद्रभानला पुढच्या वर्षी.

पार्वतीबाई १९९१ च्या माघात वारल्या. तोंडात पाणी सुलाबाईनं घातलं. त्याआधी तिनं बाटलीवरचं अक्षर वाचून घेतलं. पाणी विहिरीचं होतं.